विश्लेषण : अंधार पडल्यावर तलावातील नौकाविहार धोकादायक का ठरतो?

तलावाकाठचा तंबू, कोजागरीचे चांदणे, गणेश विसर्जन किंवा वर्षअखेरची सुट्टी... निमित्त कोणतेही असो, राज्यातील तलाव आणि धरणांच्या जलाशयांवर अंधार पडल्यानंतरही होड्यांची वर्दळ सुरू राहते. दिवसा साधी वाटणारी फेरी रात्री मात्र वेगळीच जोखीम घेऊन येते. गेल्या काही वर्षांतील दुर्घटना पाहिल्या तर कारणे जवळपास तीच ती दिसतात. ही कारणे कोणती, बोटीवरचे लाल-हिरवे दिवे काय सांगतात आणि होडीत पाय ठेवण्यापूर्वी काय पाहावे, याचा हा आढावा.

आजवरच्या दुर्घटना काय सांगतात?

भोपाळच्या छोट्या तलावात १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे गणेश विसर्जनाच्या वेळी होडी उलटून ११ तरुणांचा मृत्यू झाला. मोठी मूर्ती पाण्यात सोडताना होडीचा तोल गेला होता. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी सूर्यास्तानंतर फेरीला निघालेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जण दगावले. त्यात लहान मुलांची संख्या मोठी होती. मासेमारीच्या बोटीत बदल करून ती पर्यटकांसाठी वापरली जात होती आणि तीत क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते. महाराष्ट्रात २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात कळाशी आणि कुगावदरम्यान जाणारी बोट वादळी वाऱ्यात बुडाली. सहा जणांचा जीव गेला, तर एक जण पोहत काठावर आला. पुढे अंधार पडल्याने शोधकार्य अवघड झाले. जादा वजन, बिघडलेला तोल, अचानक सुटलेला वारा आणि मदत पोहोचण्यास लागणारा वेळ ही या घटनांमागची कारणे रात्री अधिक घातक ठरतात.

रात्री नेमके काय बदलते?

सर्वांत मोठा बदल होतो तो नजरेत. डोळे अंधाराला पूर्ण सरावण्यास साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदा किंवा फोटोचा फ्लॅश डोळ्यांवर पडला की हा सराव क्षणात मोडतो. नावाड्याच्या शेजारी बसून सेल्फी काढणारा प्रवासी त्यामुळे काही काळ नावाड्याला जवळपास आंधळे करत असतो. अंधारात अंतराचा आणि वेगाचा अंदाजही चुकतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी बोट सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. समोरची होडी दिसून इंजिन मागे घेईपर्यंत पाच सेकंद गेले, तर तेवढ्यात २७-२८ मीटर अंतर कापले जाते. बोटीला गाडीसारखे ब्रेक नसतात.

शहरातील तलावांवर आणखी एक अडचण असते. काठावरची हॉटेले, जाहिरात फलक, सिग्नल आणि वाहनांचे दिवे पाण्यात चमकतात. या झगमगाटात होडीवरचा छोटा दिवा हरवून जातो. धरणाच्या जलाशयात उलट परिस्थिती असते. तिथे चहूकडे मिट्ट काळोख असतो आणि पाण्याखाली झाडांचे बुंधे, जुन्या वस्त्यांच्या भिंती, मंदिरे असतात. पाणी ओसरल्यावर पवना धरणातील वाघेश्वर आणि उजनीतील पळसनाथ मंदिर वर येते, हे अनेकांनी पाहिले आहे. पातळी थोडीच खाली असेल, तर असे बांधकाम दिसत नाही, पण बोटीच्या तळाला लागते. मासेमारीची जाळीही रात्री दिसत नाहीत आणि पंख्यात अडकून इंजिन बंद पाडतात.

बोटीवरचे लाल, हिरवे आणि पांढरे दिवे कशासाठी?

समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत दिव्यांची पद्धत ठरवून दिलेली आहे. इंजिनाच्या बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. मागे पांढरा दिवा असतो आणि पुढच्या दिशेला दिसणारा आणखी एक पांढरा दिवा उंचावर असतो. हे दिवे ठरावीक कोनातूनच दिसतात, त्यामुळे समोरची बोट कोणत्या दिशेला चालली आहे ते कळते. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती बोट थेट आपल्याकडे येत आहे. अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे असते. उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला, तर वाट आपण द्यायची. फक्त पांढरा दिवा दिसला, तर ती पुढे जाणारी, नांगरलेली किंवा अगदी लहान होडी असू शकते. वल्ह्याच्या होडीत किमान पेटती बॅटरी किंवा कंदील हाताशी हवा आणि धडक होण्याआधी पुरेशा वेळेत तो दाखवायला हवा.

मूळ दिव्यांशी गल्लत होईल असे इतर दिवे लावू नयेत, असेही हे नियम सांगतात. हौसेने लावलेल्या रंगीबेरंगी एलईडी माळा म्हणूनच केवळ सजावट राहत नाहीत. लाल-हिरव्या लखलखाटात बोटीची दिशाच समजत नाही.

वेगाचा प्रश्न किती गंभीर?

इटलीतील गार्डा या गजबजलेल्या सरोवरात १९ जून २०२१ च्या रात्री वेगवान मोटरबोट एका लहान लाकडी होडीवर आदळली. होडीतील तरुण आणि तरुणी दोघेही मरण पावले. मोटरबोट रात्रीच्या वेगमर्यादेपेक्षा कितीतरी अधिक वेगात होती. नियम, गस्त आणि दिवे असलेल्या ठिकाणीही वेगामुळे असे घडू शकते. त्यामुळे रात्री बोटीचा वेग समोर जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच असावा. बोट चालवणाऱ्याशिवाय आणखी एकाने फक्त समोर आणि बाजूला पाहण्याचे काम करावे. अधूनमधून इंजिन मंद करून कान देणेही उपयोगी ठरते, कारण दुसरे इंजिन अनेकदा दिसण्याआधी ऐकू येते.

कायदा काय सांगतो?

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलवाहतूक नौका कायदा २०२१ आला. नदी, कालवे आणि तलावांतील इंजिनाच्या बोटींची नोंदणी, तांत्रिक तपासणी, चालकाची पात्रता, दिवे आणि जीवरक्षक साधने यांच्या तरतुदी त्यात आहेत. वल्ह्याच्या होड्यांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची मुभाही आहे. बोटीची क्षमता तपासणीनंतर ठरते. त्यामुळे ‘अजून दोघे बसतील’ हे धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे नसते. सूर्यास्तानंतर फेऱ्या बंद असतील, तर जादा पैसे देऊन मिळणारी फेरी टाळावी. त्या वेळी धक्क्यावर ना नोंद ठेवणारा असतो, ना बचाव बोट.

होडीत बसण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट लाइफ जॅकेट. ते सीटखाली रचलेले नव्हे, अंगावर हवे. वडोदऱ्यातील हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा मृत्यू झाला. ती घटना दिवसाची होती, तरीही सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हा मुद्दा त्यानंतर प्रकर्षाने पुढे आला. मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालू नये, ते पाण्यात डोक्यावरून निघून जाते. पट्टे बांधून खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर ढिले आहे. रात्रीसाठी जॅकेटवर चमकणाऱ्या पट्ट्या आणि शिट्टी हवी. अंधारात हाक लगेच विरते, शिट्टी लांबवर जाते.

बोटीवर किती जण आहेत, याची नोंद धक्क्यावर आहे का, हेही विचारावे. घरी किंवा तंबूवर थांबलेल्या एकाला परतीची वेळ सांगून ठेवावी. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. फेरीत उभे राहू नये आणि फोटोसाठी सर्वांनी एका बाजूला सरकू नये. वरच्या मजल्यावरची गर्दी तोल सर्वांत आधी बिघडवते. मद्य घेऊन बोटीत चढू नये आणि तसा वास नावाड्याला येत असेल, तर खाली उतरणेच शहाणपणाचे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळिवाचे ढग जमतात. रात्री ढग दिसत नाहीत, पण क्षितिजावरची वीज दिसते. ती दिसताच परत फिरावे.

दुर्घटना घडलीच तर?

बोट उलटली तरी लाकडी आणि फायबरच्या बऱ्याच बोटी तरंगत राहतात. अशा बोटीला धरून राहणे, दूरच्या दिव्याकडे पोहत सुटण्यापेक्षा सुरक्षित असते. रात्री काठ वाटतो त्यापेक्षा लांब असतो आणि हिवाळ्यातील गार पाण्यात हातपाय लवकर बधिर होतात. एकत्र राहावे, शिट्टी वाजवावी, बॅटरी पाण्यावर हलवत ठेवावी. मदतीला येणाऱ्या बोटीने बुडणाऱ्याजवळ पोहोचताच इंजिन बंद करावे, नाहीतर पंख्याने इजा होते. काठावरच्यांनी थेट उडी न मारता दोरी, बांबू, वल्हे किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन पुढे करावा. वाचवायला गेलेलाच बुडाला, असे अनेकदा घडते. ११२ क्रमांकावर फोन करून तलावाचे नाव, जवळचा घाट किंवा गाव आणि बोटीतील माणसांची संख्या आधी सांगावी. कितीजण होते हेच ठाऊक नसेल, तर शोध कधी थांबवायचा हे बचाव पथकालाही कळत नाही. म्हणून होडी धक्का सोडण्यापूर्वी एकदा माणसे मोजून घ्यावीत.