'बरे' होण्याची भाषा : घोट्याच्या अस्थिभंगाच्या निमित्ताने

घोट्याचे हाड मोडल्यावर पाय पूर्ववत होण्यास किती काळ लागतो, हा मुख्यतः वैद्यकाचा प्रश्न होय. परंतु त्या दीर्घ काळात रोगी, त्याचे आप्त आणि वैद्य ह्यांच्यात जो शब्दव्यवहार चालतो, तो भाषेच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो. 'हाड जुळले' असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरही पाऊल टेकताना कळ का येते, संध्याकाळी घोटा का सुजतो, जिना उतरताना पाय का डगमगतो, असे प्रश्न घरोघर विचारले जातात. ह्या प्रश्नांच्या मुळाशी दर वेळी शरीरातील नवा बिघाड असतोच असे नाही. पुष्कळदा तेथे शब्दांच्या अर्थव्याप्तीविषयीचा गैरसमज असतो. मराठीत ह्या दुखण्याविषयी कोणते शब्द आहेत, ते काय सांगतात व काय झाकून ठेवतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. मोडण्याचे शब्द

'घोटा' हा शब्द जुन्या कुळातला आहे. अमरकोशात 'गुल्फ' ह्या शब्दाला पर्याय म्हणून 'घुटिका' दिलेला आहे. व्यवहारात घोटा म्हणजे पायाच्या दोन्ही अंगांना दिसणारे उंचवटे. शरीररचनेच्या दृष्टीने आतला उंचवटा हे नडगीच्या जाड हाडाचे टोक, तर बाहेरचा उंचवटा हे त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचे टोक होय. ही दोन टोके मिळून जी खोबण तयार होते तीत पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. तात्पर्य, लोकभाषेत ज्याला एक 'घोटा' म्हणतात तो वस्तुतः तीन हाडांचा, अनेक अस्थिबंधांनी आवळलेला सांधा आहे. एकाच शब्दाखाली इतके घटक येत असल्यामुळे 'घोटा मोडला' ह्या वाक्यावरून दुखापतीचे स्वरूप कळत नाही. केवळ बाहेरच्या टोकाला चीर गेली असेल, किंवा दोन्ही टोके मोडून सांधाही निखळला असेल. वाक्य तेच राहते.

क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठी काटेकोर आहे. दोरी 'तुटते', काच 'फुटते', काठी व हाड 'मोडते'. ताठ, लांबट वस्तू वाकविल्याने दुभंगली म्हणजे 'मोडणे' हे क्रियापद येते. त्याखेरीज हाडाला 'चीर जाते', हाड 'पिचते', 'सरकते', सांधा 'निखळतो', पाय 'मुरगळतो' किंवा 'लचकतो'. ह्यांतील प्रत्येक शब्द इजेचा निराळा प्रकार दाखवितो.

ह्या क्रियापदांचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. 'तुटणे-तोडणे', 'फुटणे-फोडणे' ह्या जोड्यांत अकर्मक व सकर्मक रूपे स्वरभेदाने वेगळी होतात. 'मोडणे' मात्र दोन्ही कामे एकाच रूपाने करते. 'काठी मोडली' आणि 'त्याने काठी मोडली' ह्या दोहोंत धातू तोच. अवयवाविषयी बोलताना मराठी भाषक सहसा अकर्मक रचना पत्करतो : 'त्याचा पाय मोडला'. येथे पाय कर्ता आहे, माणूस केवळ षष्ठीत आहे. इंग्रजीत ह्याच प्रसंगी व्यक्ती कर्तृपदी येते व घोटा कर्म होतो. मराठीत व्यक्तीवर ठपका ठेवावयाचा असेल तर 'पाय मोडून घेतला' अशी संयुक्त क्रियापदाची वेगळी योजना करावी लागते.

मराठी लेखनपद्धतीतही हा वाक्प्रचार रुजलेला आहे. स्वरहीन व्यंजन दाखविण्यासाठी अक्षराखाली जी खूण करतात तिला 'पाय मोडणे' असे म्हणतात. पाय मोडलेल्या अक्षराचा उच्चार शेजारच्या स्वराच्या आधाराने करावा लागतो, ही कल्पना त्या नावात उघड दिसते.

२. सुश्रुताची परिभाषा

अस्थिभंगाची शास्त्रीय परिभाषा ह्या देशात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात भग्नाचे दोन मुख्य वर्ग केले आहेत : सांधा सुटणे म्हणजे 'सन्धिमुक्त', आणि हाडाचा दांडा मोडणे म्हणजे 'काण्डभग्न'. पहिल्याचे ६ व दुसऱ्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'वक्र', 'चूर्णित', 'स्फुटित' ही नावे आजच्या वाचकालाही अर्थ सांगतात.

ह्याहून महत्त्वाचा भाग चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तेथे बंध बदलण्याचा काळ ऋतुपरत्वे दिला आहे : थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी, उष्णकाळात तीन दिवसांनी. सांधा स्थिर होण्याचा काळही वयाप्रमाणे बदलतो : पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. येथे वापरलेले विशेषण 'स्थिर' असे आहे. ते रोगमुक्तीचे वाचक नव्हे. भग्न नीट सांधले, ते 'संहित' झाले, असे केव्हा म्हणावे ह्याची कसोटी ग्रंथकार स्वतंत्रपणे देतो : अवयव आखूड राहिलेला नसावा, तेथे उंचवटा नसावा आणि हालचाल सुखाने होत असावी. म्हणजे सुखाने होणारी हालचाल ही जुळण्याच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे. तळहाताच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड धरावयास लावावा, हा त्याच अध्यायातील उपदेश क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामाचाच होय.

३. 'जुळणे' ह्या शब्दाचा संकोच

आधुनिक काळात 'जुळणे' ह्या शब्दाचा अर्थ आकुंचित झाला, आणि त्याला दोन शोध मुख्यतः कारणीभूत झाले. डच लष्करी शल्यवैद्य अँटोनियस मॅथिसेन ह्याने १८५१-५२ च्या सुमारास प्लास्टर ऑफ पॅरिस चोळलेल्या कापडी पट्ट्यांची पद्धत पुढे आणली. पॅरिसजवळच्या माँमार्त्र टेकडीतील जिप्समावरून हे नाव पडले. मराठीत त्याचे 'प्लास्टर' एवढेच उरले. दुसरा शोध राँटगेनचा, १८९५ मधला. त्याने अज्ञात किरणांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले, आणि मराठीत त्या अक्षराच्या जागी 'क्ष' येऊन 'क्ष-किरण' हा शब्द सिद्ध झाला. ह्यामुळे हाड प्रथमच त्वचेबाहेरून दिसू लागले, आणि 'जुळले' ह्याचा अर्थ 'फोटोत जुळलेले दिसले' असा होऊ लागला.

हाड जुळण्याची क्रिया पायरीपायरीने होते. प्रथम मोडीभोवती रक्त साकळते व दाह होतो. नंतर काही आठवड्यांत मऊ, कूर्चामय सांधा तयार होतो; त्यात चुना साठून तो कठीण होतो. पुढे महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे, तो जादा भाग घडविला व तासला जाऊन हाडाला मूळचा आकार येत राहतो. पट्टी व स्क्रू ह्यांनी तुकडे घट्ट आवळलेले असतील तर ही बाह्य गाठ जवळजवळ दिसतच नाही आणि हाड थेट हाडाशी मिळते. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ ह्या शल्यवैद्यांच्या गटाने अशा दृढ जोडणीचा व लवकर हालचाल सुरू करण्याचा पुरस्कार केला. त्यामागचा विचार असा की, हाड जुळेपर्यंत सांधा बांधून ठेवला तर हाड जुळते, पण सांधा आखडतो.

४. एक दुखणे, अनेक कालगणना

घोट्याचे हाड साधारणतः दोन-तीन महिन्यांत भार सोसण्याइतके जुळते. मधुमेह व तंबाखूचे सेवन असल्यास ह्यास विलंब लागतो. परंतु हाडाची कालगणना ही अनेकांपैकी एक होय. अस्थिबंध ताणले वा फाटले असतील तर त्यांचा काळ वेगळा. बंदिस्त ठेवलेल्या पायाची पोटरी काही आठवड्यांतच बारीक होते. ती पुन्हा भरण्यास, ती ओसरण्यास लागला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. दिवसभर पाय खाली सोडून बसल्यावर येणारी सूज कित्येक महिने टिकू शकते. सांध्याच्या वेष्टनात व अस्थिबंधांत असलेली स्थितिसंवेदना मंदावल्यामुळे अंधारात किंवा उंचसखल जमिनीवर तोल जातो. एका पायावर उभे राहण्याचा सराव त्यासाठीच सांगितला जातो.

मराठी भाषेजवळ ह्या प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र क्रियापद आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हाड 'जुळते', सूज 'ओसरते', सांधा 'सुटतो' किंवा 'मोकळा होतो', पोटरी 'भरते', तोल 'सावरतो', आणि पायावर भरवसा 'बसतो'. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत व सर्व क्रमशः घडणाऱ्या क्रियांची वाचक आहेत. 'ओसरत आहे', 'भरत आली आहे' अशी अपूर्णतेची रूपे त्यांना सहज चालतात. ह्याउलट 'जुळले का?' ह्या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर संभवते. रोग्याच्या घरी नेमका हाच प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर 'होय' आले की उरलेल्या पाच क्रियापदांची कालमर्यादाही संपली असे गृहीत धरले जाते.

५. 'बरा' ह्या विशेषणाची संदिग्धता

गोंधळाचे मुख्य स्थान 'बरा' हे विशेषण होय. संस्कृत 'वर' म्हणजे श्रेष्ठ, ह्यापासून आलेला हा शब्द मराठीत खाली उतरून मधल्या पायरीवर स्थिरावला. 'मुलगा बरा आहे', 'पाऊस बरा झाला' ह्यांत 'उत्तम नव्हे, पण चालण्याजोगा' असा अर्थ आहे. 'ताप बरा झाला' ह्यात मात्र रोग संपूर्ण गेल्याचा अर्थ आहे. 'होणे' ह्या क्रियापदाबरोबर तो समाप्ती दाखवितो, 'असणे' ह्याबरोबर मध्यम स्थिती, तर 'वाटणे' ह्याबरोबर केवळ अनुभव.

आता तपासणीच्या खोलीतील नित्याचा संवाद पाहावा. 'कसा आहे पाय?' असा प्रश्न येतो. 'बरा आहे,' असे उत्तर मिळते. रोग्याला 'पूर्वीपेक्षा सोसण्याजोगा' असे म्हणावयाचे असते. ऐकणारा 'दुरुस्त झाला' असे समजू शकतो. शिवाय वडीलधाऱ्या माणसासमोर, विशेषतः डॉक्टरांसमोर, तक्रार न करण्याचा संकेत आपल्याकडे बळकट आहे, आणि 'बरा' हा शब्द त्या संकेताला सोयीचा पडतो. परिणामी आखडलेला सांधा वेळीच सांगितला जात नाही. उलट काही रोगी 'बरा' म्हणजे 'अगदी पूर्वीसारखा' असा अर्थ धरून बसतात, आणि सहाव्या महिन्यात संध्याकाळची सूज दिसली की हाड पुन्हा निसटले अशा धास्तीने पाय टेकण्याचे सोडून देतात. दोन्ही प्रकारांत हानी पायाची होते.

'सूज' ह्या शब्दाचीही अशीच दक्षता घ्यावयास हवी. दिवसाअखेर घोट्याभोवती येणारी व पाय उंच ठेवल्यावर उतरणारी सूज अपेक्षित आहे. पोटरी ताठून, दुखून, गरम होऊन आलेली सूज ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे चिन्ह असू शकते व तीस तातडीने वैद्यकीय मदत लागते. एकाच शब्दाने दोन्ही सांगितली गेल्यास धोका संभवतो. म्हणून 'कोठे' आणि 'केव्हा' हे दोन प्रश्न 'सूज आहे का?' ह्याला जोडलेच पाहिजेत.

६. मोजमापाचा प्रश्न

पाश्चात्त्य वैद्यकाने ही संदिग्धता टाळण्यासाठी प्रश्नावल्या तयार केल्या. घोट्याच्या अस्थिभंगासाठी ऑलेरुड आणि मोलँडर ह्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली १०० गुणांची प्रश्नावली सुपरिचित आहे. तीत वेदनेला २५, दैनंदिन कामाला २०, ताठरपणा, सूज, जिना चढणे व आधार घेणे ह्यांना प्रत्येकी १०, आणि धावणे, उडी मारणे व उकिडवे बसणे ह्यांना प्रत्येकी ५ गुण आहेत. सूज मुळीच नाही, फक्त संध्याकाळी आहे, की सतत आहे, असा भेद तीत केला आहे. म्हणजे 'बरा' ह्या एका शब्दाचे नऊ तुकडे केले आहेत.

परंतु अशा प्रश्नावलीचे केवळ शब्दशः भाषांतर पुरेसे नाही. उकिडवे बसण्यासाठी घोटा चालताना वाकतो त्याहून कितीतरी अधिक वाकावा लागतो. ज्या घरात शौचकूप भारतीय पद्धतीचा आहे, जेथे अंगणात भांडी घासली जातात किंवा शेतात खुरपणी करावयाची असते, तेथे उकिडवे बसणे हीच दैनंदिन कामाची पहिली अट असते. शंभरातील ५ गुणांनी तिचे मोल होत नाही. ज्या खुरपणाऱ्या स्त्रीला उकिडवे बसता येत नाही, तिला ९५ गुण मिळूनही तिचा पाय तिच्या दृष्टीने 'बरा' झालेला नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घोट्याच्या अस्थिभंगानंतरचे दीर्घ, संथ सुधारणे व्यक्त करण्यास मराठीची शब्दसंपत्ती अपुरी नाही. ती विखुरलेली आहे. दुसरी, 'जुळणे' आणि 'बरे होणे' हे दोन समाप्तिवाचक शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले गेल्याने रोगी घाई तरी करतो किंवा भितो तरी. तिसरी, 'पाय कसा आहे?' ह्या एका प्रश्नाऐवजी 'सूज किती ओसरली? सांधा किती सुटला? पोटरी भरत आली का? खाली बसता येते का? पायावर भरवसा बसला का?' असे प्रश्न विचारले गेले, तर उत्तरही तितकेच नेमके मिळेल. रुग्णालयांसाठी मराठी प्रश्नावल्या तयार करण्याचे काम ज्यांच्याकडे येईल त्यांनी शब्दकोशाबरोबर ओसरी, शेत आणि स्वयंपाकघर येथील क्रियापदेही टिपून घ्यावीत. भग्न 'संहित' झाले की नाही हे ठरविताना सुखाने होणाऱ्या हालचालीची जी कसोटी सुश्रुताने घातली होती, तिच्याकडे वळण्याचा मार्ग त्या क्रियापदांतूनच जातो.