जुन्या प्लॅस्टिक-विटांची ओळख

टेबलावर लाल प्लॅस्टिकच्या दोन लहान विटा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. दोहोंच्या माथ्यावर चार-चारांच्या दोन ओळींत आठ वाटोळे उंचवटे आहेत. दोन्ही डेन्मार्कमधील बिलुंड या गावी लेगो कंपनीच्या कारखान्यात तयार झालेल्या. एक १९५० च्या सुमाराची, दुसरी १९६५ च्या सुमाराची. पहिली वीट दुसरीवर बसवू गेल्यास ती धड बसत नाही. तिच्या भिंती आत झुकल्या आहेत आणि माथा किंचित पिळवटला आहे. दुसरी मात्र कालच साच्यातून बाहेर काढावी तशी सरळ आणि तकतकीत आहे. वयात अंतर अवघे पंधरा वर्षांचे. मग अवस्थेत इतके अंतर का पडावे?

जुनी खेळणी जमविणाऱ्यास हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेटतो. खेळण्याची पेटी बहुधा फाटलेली किंवा हरवलेली असते, आणि मूळ पेटी असली तरी तीत आज जे तुकडे आहेत ते सारे तिचेच असतील अशी खात्री नसते, कारण मुले पेट्यांच्या सीमा पाळीत नाहीत. म्हणून साक्ष काढावयाची ती विटेचीच. ती दोन प्रकारची असते: एक आकृतीची आणि दुसरी द्रव्याची.

आधी आकृतीकडे पाहू. एकमेकींत गुंतणाऱ्या विटांची कल्पना मुळात डेन्मार्कची नव्हे. इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये 'मिनिब्रिक्स' या नावाने रबरी विटा निघाल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी लिव्हरपूल येथे 'बेको' नावाचा संच तयार झाला. त्यात पातळ लोखंडी सळ्यांमध्ये बेकेलाइटचे तुकडे सरकवून घरे उभारीत. आपल्या परिचयाच्या प्लॅस्टिक-विटेचा खरा जनक म्हणजे हिलरी फिशर पेज हा इंग्रज खेळणीकार. त्याच्या 'किडिक्राफ्ट' या कंपनीने १९४७ मध्ये आपोआप अडकणाऱ्या विटा बाजारात आणल्या. त्याच सुमारास बिलुंडचे सुतार ऊले कीर्क क्रिस्तियान्सन यांनी प्लॅस्टिक साच्यात ढाळण्याचे यंत्र विकत घेतले होते. ते १९३२ पासून लाकडी खेळणी करीत. 'छान खेळा' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्यांनी आपल्या कारखान्यास लेगो हे नाव दिले होते. पेज यांच्या विटेचे नमुने त्यांच्या हाती आले, आणि १९४९ मध्ये लेगोची पहिली वीट विक्रीस निघाली. कोपऱ्यांची गोलाई काढून टाकली, उंचवट्यांचे माथे सपाट केले, आणि इंचांची मापे मिलिमीटरांत बसविताना सुमारे एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला. बाकी वीट तीच. पेज १९५७ मध्ये वारले. किडिक्राफ्टच्या विटेचे उरलेले हक्क लेगोने १९८१ मध्ये विकत घेतले. नाव एकाचे झाले आणि कल्पना दुसऱ्याची, असे विज्ञानाच्या इतिहासातही पुष्कळदा घडले आहे. पण संग्राहकाने तरी हा फरक ध्यानात ठेवावा. गोल कोपऱ्यांची वीट लेगोच्या ढिगात सापडली तर ती 'नकली' म्हणून फेकून देऊ नये. ती मूळ असू शकेल.

विटेवरील उंचवट्यांना मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच विचार केला. मुले त्यांना सरळ 'बटणे' म्हणतात. परंतु बटण दाबावयाचे असते आणि हे दाबले जात नाही. म्हणून येथे 'खुंट' हा शब्द योजला आहे.

१९४९ ची वीट उलटी करून पाहिली तर ती आतून अगदी पोकळ दिसते. तिच्या बाजूच्या भिंतींना उभ्या चिरा असतात. या चिरांत खिडक्या व दारे सरकवून बसवीत. खुंटांवर कसलेही नाव नसते. १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर या चिरा नाहीशा झाल्या. तथापि पोकळ विटेचा मोठा दोष राहिलाच. खालच्या विटेच्या खुंटांना ती केवळ बाहेरच्या भिंतींनीच धरून ठेवी, त्यामुळे उंच मनोरा जरासा हलविताच कोसळे.

या दोषावरील तोडगा ऊले कीर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड यांच्या काळात निघाला. २८ जानेवारी १९५८ रोजी त्यांनी कोपनहेगन येथे नव्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. विटेच्या पोटात नळ्या बसवावयाच्या, आठ खुंटांच्या विटेत तीन, ही ती रचना. हिच्यातील भूमिती शाळेतील विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्याजोगी आहे. शेजारच्या दोन खुंटांच्या केंद्रांमधील अंतर ८ मिलिमीटर असते आणि खुंटाचा व्यास ४.८ मिलिमीटर. चार खुंटांची केंद्रे जोडली की ८ मिलिमीटर बाजूचा चौरस होतो. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे त्याचा कर्ण ११.३१ मिलिमीटर. या कर्णाच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा खुंट, म्हणजे मिळून ४.८ मिलिमीटर, व्यापलेला असतो. वजाबाकी केली की मधली मोकळी जागा उरते ती ६.५१ मिलिमीटर व्यासाची. नळीचा बाहेरचा व्यास नेमका तेवढाच ठेवावयाचा! मग नळी एकाच वेळी चारही खुंटांना चिकटते, आणि कोपऱ्यातील प्रत्येक खुंट दोन भिंती व एक नळी अशा तीन ठिकाणी धरला जातो. एक शतांश मिलिमीटरची चूकही येथे बोटांना जाणवते.

तेव्हा पोटात नळ्या असतील तर वीट १९५८ पूर्वीची नव्हे, हे निश्चित. नंतरच्या बऱ्याच विटांच्या पोटात 'पॅट. पेंड.' अशी इंग्रजी अक्षरे उठविलेली असतात. पेटंटसाठी अर्ज केला आहे, निर्णय व्हावयाचा आहे, असा त्यांचा अर्थ. नवखे संग्राहक या अक्षरांवरून विटेचे वय नेमके ठरवू पाहतात, ते मात्र बरोबर नाही. साचा एकदा तयार झाला की तो वर्षानुवर्षे वापरला जातो, आणि निर्णय लागला म्हणून साच्यातील अक्षरे आपोआप पुसली जात नाहीत. अशा खुणेवरून वीट कधीच्या आधीची नाही एवढेच सांगता येते. आणखी पुढच्या काळात नळ्या व भिंती यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या पट्ट्या आल्या आणि पोटात भागाचा क्रमांक येऊ लागला. आठ खुंटांच्या विटेचा क्रमांक ३००१. ढिगात अगदीच बारीक, ५ मिलिमीटर मापाच्या विटा आढळल्या तर त्या तुटक्या किंवा परक्या समजू नयेत. वास्तुशिल्पज्ञांच्या प्रतिकृतींसाठी लेगोने १९६३ मध्ये 'मॉड्युलेक्स' नावाने ती वेगळी जात काढली होती.

आता द्रव्याकडे वळू. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. पहिल्या विटा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या होत्या. कापूस किंवा लाकडाचा लगदा यांतील सेल्युलोजवर अ‍ॅसेटिक आम्लाच्या संयुगाची क्रिया घडवून हा पदार्थ करतात, आणि तो लवचीक व्हावा म्हणून त्यात दुसरे एखादे मृदुकारक द्रव्य मिसळतात. तो हवेतील ओलावा शोषून घेतो. मृदुकारक द्रव्य हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपून निघून जाते, त्यामुळे वीट आकसते व वाकते. त्याच वेळी ओलाव्यामुळे अ‍ॅसेटिक गट सुटे होऊन पुन्हा आम्ल तयार होते. हे सुटे झालेले आम्ल पुढच्या विघटनाला चालना देते. विघटनातून आम्ल आणि आम्लातून अधिक विघटन, असे हे चक्र एकदा सुरू झाले की वेग घेत जाते. बंद डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर समजावे की चक्र सुरू झाले आहे. जुन्या चित्रपटांच्या अ‍ॅसिटेट रिळांना जडणारा रोग हाच.

१९६३ मध्ये लेगोने हा पदार्थ सोडून ए.बी.एस. हे प्लॅस्टिक स्वीकारले. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन व स्टायरीन या तीन घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडले आहे. हे पाणी फारसे शोषीत नाही, वाकत नाही, रंग चांगला धरते. आरंभीच्या दोन विटांतील दुसरी वीट याची आहे.

दोन्ही पदार्थ ओळखण्याची एक सोपी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत करता येते. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची घनता सुमारे १.३, ए.बी.एस.ची सुमारे १.०५. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. परंतु शंभर घनसेंटिमीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळविले की द्रावणाची घनता १.२ च्या जवळ जाते, आणि मग ए.बी.एस.ची वीट तरंगते व अ‍ॅसिटेटची तळाशी जाते. विटेच्या पोटात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाही तर उत्तर खोटे येईल. बुडणारी प्रत्येक वीट अ‍ॅसिटेटचीच असेही नव्हे, बेकेलाइटही बुडते. ही परीक्षा फुटक्या तुकड्यांवर करावी. दुर्मिळ विटेस पाणी दाखवू नये. आधीच ओलाव्याने जी आजारी आहे तिला आंघोळ कशाला? तापलेली सुई टोचून वास घेण्याची रीतही कोणी कोणी सांगतात. ती संग्रहालयास शोभणारी नाही.

ए.बी.एस.लाही व्याधी आहे, पण ती सौम्य. प्रकाशाने त्यातील ब्युटाडाइनच्या भागाचे ऑक्सिडीकरण होऊन पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. त्यातून एक मौज घडते. झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग पिवळा राहिल्याने, मोडून टाकलेल्या घराची भिंत कोठवर होती हे सुट्या विटांवरून वाचता येते! हायड्रोजन पेरॉक्साइडने अशा विटा पुन्हा पांढऱ्या करता येतात. मात्र पिवळेपणा परत येऊ शकतो आणि हा इतिहास तेवढा पुसला जातो. माझ्या मते तो तसाच राहू द्यावा.

रंगाविषयी एक गंभीर सूचना देणे प्राप्त आहे. पूर्वीच्या काळी पिवळ्या व लाल प्लॅस्टिकमध्ये कॅडमियमची संयुगे रंगद्रव्य म्हणून सर्रास वापरीत. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी २०१८ मध्ये सुमारे २०० वापरलेल्या खेळण्यांच्या परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पिवळ्या, लाल व काळ्या तुकड्यांमध्ये कॅडमियम, शिसे यांसारखी घातक मूलद्रव्ये आढळली, आणि जुन्या लेगो-विटाही त्यांत होत्या. धातू प्लॅस्टिकमध्ये बांधलेला असतो, नुसत्या स्पर्शाने तो अंगात जात नाही. परंतु तोंडात घालणाऱ्या, गिळणाऱ्या लहान मुलाची गोष्ट वेगळी. पन्नास वर्षांपूर्वीचा संच कपाटातून काढून धाकट्या भावंडास खेळावयास देणे हे प्रेमाचे कृत्य असले तरी शहाणपणाचे नाही.

हेच कॅडमियम वय ठरविण्यासही उपयोगी पडले. टर्नर व त्यांचे सहकारी यांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लेगो-विटा गोळा केल्या, क्ष-किरणांच्या साह्याने त्यांतील मूलद्रव्ये ओळखून त्यांचा काळ ठरविला, आणि न वापरलेल्या तशाच विटांशी वजन ताडून झीज मोजली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज असा की, अशी वीट समुद्रात १०० ते १३०० वर्षे टिकेल. एकाच कारखान्याच्या दोन विटा: एक समुद्रातही शतके काढणार, दुसरी पेटीत ठेवूनही माणसाच्या आयुष्याइतकी धडपणे टिकत नाही. लेगोच्या पहिल्या चौदा वर्षांचा पुरावा मात्र या दुसरीतच साठविलेला आहे, आणि जगात कोठेही तो दरवर्षी थोडा थोडा वाकत चालला आहे.

म्हणून शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या कपाटात असा संच असेल तर प्रथम अ‍ॅसिटेटच्या विटा निवडून बाकीच्यांपासून वेगळ्या कराव्यात. त्या हवाबंद डब्यात कोंडू नयेत, कारण सुटलेले आम्ल आतच साचते. हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, थंड व कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवाव्यात. उष्ण व दमट हवेत विघटनाची क्रिया जलद होते, आणि आपल्या किनारपट्टीचा पावसाळा तर त्यांचा वैरीच. पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी प्रत्येक खोके उघडून वास घ्यावा. वाकलेली वीट दाबून सरळ करू नये, ती तडकते. विटांवर शाईने काही न लिहिता, माप, रंग, चिरा व नळ्या आहेत की नाहीत, कोणाकडून व कोणत्या वर्षी मिळाली, एवढी माहिती चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी विटेशेजारी ठेवावी.