तुळशीच्या पानांच्या अर्काची प्रतिकारशक्तीविषयक चाचणी

तुळस (शास्त्रीय नाव: ऑसिमम टेन्युइफ्लोरम, जुने नाव: ऑसिमम सँक्टम) ही लॅमिएसी कुळातील सुगंधी औषधी वनस्पती आहे. सर्दी-खोकल्यावर तिच्या पानांचा काढा घेण्याची प्रथा भारतात जुनी आहे. पानांच्या अर्काचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम पेशी, प्राणी आणि मानव अशा तीन पातळ्यांवर तपासला जातो.

अर्काची निर्मिती

वाळवलेल्या पानांची भुकटी पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये भिजवून गाळतात आणि द्रावक उडवून घट्ट अर्क मिळवतात. पानांत युजेनॉल, अर्सोलिक आम्ल व रोझमॅरिनिक आम्ल ही द्रव्ये असतात. द्रावकानुसार अर्कात उतरणारी द्रव्ये बदलतात. म्हणून इथेनॉलमधील अर्काचे निष्कर्ष काढ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

प्रयोगशाळेतील चाचण्या

पेशींवरील चाचणीत भक्षक पेशी जंतूंना किती प्रमाणात गिळतात, हे मोजतात. प्राण्यांवरील प्रचलित पद्धतीत उंदरांना मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचून, त्यांविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रमाण अर्क दिलेल्या व न दिलेल्या गटांत ताडून पाहतात. अर्कात जिवाणूंचे अंतर्विष मिसळलेले असल्यास तेच पेशींना उद्दीपित करते आणि त्याचे श्रेय चुकीने वनस्पतीला मिळते. त्यामुळे अर्काची शुद्धता आधी तपासावी लागते.

मानवी चाचणी

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये अशा एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीत २४ निरोगी स्वयंसेवकांना पानांच्या इथेनॉल अर्काच्या ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल किंवा औषधरहित कॅप्सूल अनशापोटी देण्यात आल्या. कोणाला काय मिळाले, हे स्वयंसेवक व संशोधक दोघांनाही ठाऊक नव्हते. ठरावीक काळानंतर दोन्ही गटांची अदलाबदल करण्यात आली. चाचणी पूर्ण करणाऱ्या २२ जणांमध्ये चार आठवड्यांच्या अर्कसेवनानंतर इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्यूकिन-४ ही संदेशवाहक प्रथिने, तसेच साहाय्यक टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी यांच्या प्रमाणात लक्षणीय वाढ आढळली.

मर्यादा

रक्तातील निर्देशकांची वाढ म्हणजे रोगापासून संरक्षण नव्हे. या चाचणीत सहभागी निरोगी होते, त्यांची संख्या अल्प होती आणि त्यांना पुढे संसर्ग कमी झाला का, हे मोजलेले नव्हते. शिवाय प्रतिकारशक्तीचे उद्दीपन प्रत्येक वेळी हितकारक नसते; आत्मप्रतिकार विकारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते, तर अवयव प्रत्यारोपणानंतर ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हा दावा सिद्ध होण्यासाठी आजारांचे प्रमाण व तीव्रता मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या आवश्यक ठरतात.