इंग्रजी वाक्प्रचार

ज्या शब्दसमूहाचा रूढ अर्थ त्यातील शब्दांच्या स्वतंत्र अर्थांची बेरीज करून हाती येत नाही, त्यास वाक्प्रचार किंवा वाक्संप्रदाय म्हणतात. इंग्रजीत यासाठी ‘इडिअम’ ही संज्ञा रूढ आहे. ‘स्वतःचा, खाजगी’ अशा अर्थाच्या ‘इडिऑस’ या ग्रीक शब्दापासून ती आलेली असून एखाद्या भाषेची खास अशी बोलण्याची लकब, हा तिचा मूळ आशय होय. ‘किक द बकेट’ याचा शब्दशः अर्थ ‘बादलीला लाथ मारणे’ असा होतो. रूढ अर्थ मात्र ‘मरणे’ असा आहे, आणि तोही थट्टेच्या सुरातला. मराठीत ‘देवाज्ञा होणे’ आणि ‘गचकणे’ यांत जे अंतर आहे, तेच इंग्रजीत ‘पास अवे’ आणि ‘किक द बकेट’ यांत आहे. शोकसंदेशात दुसरा प्रयोग केल्यास अर्थ बरोबर असूनही अनर्थ ओढवेल. म्हणून वाक्प्रचाराचा अर्थ सांगताना त्याची पातळी आणि प्रसंग सांगणे अर्थाइतकेच आवश्यक ठरते. म्हण ही स्वयंपूर्ण विधान असते, तर वाक्प्रचार वाक्याचा एक भाग म्हणून वावरतो व काळ-पुरुषानुसार रूप बदलतो, हा दोहोंतील मुख्य भेद.

वाक्प्रचारातील शब्दांची जागा सहसा समानार्थी शब्दांना घेता येत नाही. मराठीत ‘हात वर करणे’ म्हणजे जबाबदारी झटकणे. ‘हात उंच करणे’ म्हटले की तो अर्थ नाहीसा होतो. इंग्रजी वाक्प्रचारांच्या या ताठरपणाला मात्र पायऱ्या आहेत. ‘स्पिल द बीन्स’ (शब्दशः, घेवड्याचे दाणे सांडणे, रूढार्थ, गुपित फोडणे) याचा कर्मणिप्रयोग होऊ शकतो, ‘किक द बकेट’चा तसा प्रयोग केल्यास ऐकणाऱ्यास खरोखरीची बादलीच दिसू लागते. ब्रूस फ्रेझर यांनी १९७० मध्ये अशा पायऱ्यांची एक श्रेणीच मांडली. पुढे नन्बर्ग, सॅग व वॉसो या तीन अभ्यासकांनी १९९४ मध्ये या भेदाचे कारण अर्थात शोधले. गुपित फोडण्याच्या वाक्प्रचारात सांडणे म्हणजे उघड करणे व दाणे म्हणजे गुपित अशी फोड करता येते, त्यामुळे त्याचे अवयव थोडेफार हलू शकतात. मरण्याच्या वाक्प्रचारात बादली म्हणजे काय, याला उत्तरच नाही. हा विचार आजही पटण्यासारखा आहे.

काही वाक्प्रचार मृत शब्दांची जणू थडगीच असतात. ‘किथ अँड किन’ म्हणजे सगेसोयरे. यातील ‘किथ’ हा शब्द इंग्रजीत या जोडीबाहेर आता आढळत नाही. मराठीतील ‘सोयरेधायरे’ या जोडशब्दातील ‘धायरे’ची गत अशीच आहे. ‘हेल अँड हार्टी’, ‘स्पिक अँड स्पॅन’ यांसारख्या जोड्या अनुप्रासामुळे टिकून राहिल्या आहेत.

परभाषकाची खरी दमछाक होते ती क्रियापद व अव्यय यांच्या संयोगातून बनलेल्या वाक्प्रचारांत. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट डाउन’ म्हणजे दडपणे किंवा अपमान करणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे. परदेशीयांना या रचना अत्यंत कठीण जातात, हे सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याने आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदविले होते. त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मिळाले ते लोगन पिअर्सल स्मिथ (१८६५–१९४६) यांच्या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. घरगुती संभाषणापासून न्यायालयीन उलटतपासणीपर्यंत सर्वत्र त्यांचा वापर होतो. शालेय पुस्तकांत मात्र बादली-घेवड्यासारख्या चमकदार वाक्प्रचारांनाच अधिक जागा मिळते, हे काहीसे उफराटे होय.

इंग्रजी वाक्प्रचारांचे उगम पाहता त्या समाजाचे व्यवसाय, धर्म व करमणूक यांचे चित्र उभे राहते. बेटावर राहणाऱ्या आणि शिडांच्या जहाजांवर शतके घालविलेल्या लोकांच्या भाषेत समुद्राचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे. ‘बाय अँड लार्ज’ (सर्वसाधारणपणे) यातील पहिला शब्द वाऱ्याच्या रोखाला जमेल तितके जवळ जाऊन जहाज हाकण्याचा, तर दुसरा पाठीमागून येणारा वारा घेऊन जाण्याचा. दोन्ही प्रकारे चालणारे जहाज ते सर्व परिस्थितीत चालणारे. ‘टेकन अबॅक’ म्हणजे अवाक् होणे. वारा अवचित फिरून शिडांवर समोरून आदळला म्हणजे शिडे डोलकाठीला चिकटत व जहाज जागीच अडखळे, त्यावरून हा प्रयोग आला. आज तो करणाऱ्या बहुतेकांना जहाजाची आठवणही होत नाही.

बायबलच्या भाषांतरांतून, विशेषतः विल्यम टिंडल याच्या सोळाव्या शतकातील आणि राजा पहिला जेम्स याच्या काळातील १६११ च्या भाषांतरांतून, अनेक प्रयोग घरोघरी पोहोचले. ‘द रायटिंग ऑन द वॉल’ (विनाशाची स्पष्ट पूर्वसूचना) हा दानीएलच्या ग्रंथातील बेलशस्सर राजाच्या मेजवानीच्या कथेवरून आला, तर ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ (एखाद्या गोष्टीची जबाबदारी नाकारणे) हा येशूच्या न्यायनिवाड्याच्या वेळी पिलाताने लोकांसमोर हात धुतले त्यावरून. ‘स्केपगोट’ हा शब्द टिंडलनेच घडविला. शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या नाटकांनी ‘अ पाउंड ऑफ फ्लेश’ (कायद्याने देय, पण निर्दयपणे वसूल केलेले देणे) यासारखे प्रयोग दिले. खेळांपैकी क्रिकेटचा वाटा भारतीय वाचकास सहज उमगतो. पावसाने भिजून वाळत असलेली खेळपट्टी फलंदाजाला घातक ठरे; त्यावरून ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीत असणे. याउलट अमेरिकन इंग्रजीत बेसबॉल व पोकर यांतून आलेले प्रयोग अधिक आहेत.

वाक्प्रचारांच्या उगमकथांविषयी सावधगिरी बाळगणे इष्ट. ज्याचा जन्मदाखला निश्चित सांगता येतो असा वाक्प्रचार विरळा. दोन अटी परस्परांना छेदत असल्यामुळे सुटकाच नाही, अशा पेचाला ‘कॅच ट्वेंटी-टू’ म्हणतात. तो जोसेफ हेलर (१९२३–९९) यांच्या १९६१ मधील त्याच नावाच्या कादंबरीतून आला, हे निर्विवाद आहे. परंतु मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे कुत्र्या-मांजरांचा पाऊस, का म्हणतात हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. जॉनथन स्विफ्ट (१६६७–१७४५) याच्या १७३८ मधील लेखनात हा प्रयोग येतो. जुन्या घरांच्या गवती छपरांवर झोपलेली जनावरे पावसात घसरून खाली पडत, अशी एक कथा १९९९ मध्ये ई-मेलद्वारे जगभर पसरली. ती निव्वळ कपोलकल्पित आहे. ‘किक द बकेट’ फ्रान्सिस ग्रोस याच्या १७८५ च्या ग्राम्य शब्दांच्या कोशात नोंदलेला आहे. डुक्कर कापताना ज्या आडव्या लाकडास टांगत, त्यास काही बोलींत ‘बकेट’ म्हणत. तडफडणारे जनावर त्यावर लाथा झाडी. ही उपपत्ती संभाव्य खरी, पण सिद्ध झालेली नाही.

भारताशी निगडित असे एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. मुळीच पर्वा नसणे या अर्थाचा ‘नॉट गिव्ह अ डॅम’ हा प्रयोग मोगलकालीन ‘दाम’ या तांब्याच्या नाण्यावरून आला असावा, असे यूल व बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात सुचविले आहे. ‘दमडीचीही किंमत न देणे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना गोड वाटते. तथापि तिला पुरावा नाही. यातील ‘डॅम’ हा साधा शापवाचक शब्दच होय, असे ऑक्सफर्डच्या कोशकारांचे मत आहे आणि तेच ग्राह्य धरावे लागते.

अपरिचित वाक्प्रचाराने फारसा घोटाळा होत नाही. त्याचा शब्दशः अर्थ इतका विचित्र असतो की वाचक थबकतो व कोश उघडतो. धोका असतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या वाक्प्रचारांत. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतीत अडथळा आणणे. इंग्रजी ‘पुल समवन्स लेग’ मात्र केवळ निर्मळ थट्टा. ‘किल टाइम’ म्हणजे वेळ कसाबसा घालविणे. ‘वेळ मारून नेणे’ म्हणजे काहीतरी सबब सांगून प्रसंगातून निसटणे. ‘सी आय टू आय’ म्हणजे एकमत होणे, तर ‘नजरेला नजर भिडवणे’ यात आव्हान आहे. ‘कोल्ड फीट’ला मराठीत ‘कच खाणे’ म्हणावे लागते. ‘पाय गार पडले’ असे भाषांतर केल्यास वाचक पात्राच्या प्राणाची चिंता करू लागेल. उलट ‘टर्न वन्स बॅक ऑन’ व ‘पाठ फिरवणे’, ‘हॅव अ हँड इन’ व ‘हात असणे’ यांसारख्या काही जोड्या तंतोतंत जुळतात, आणि नेमक्या त्यामुळेच इतरांविषयी भ्रम निर्माण होतो.

असा भ्रम इंग्रजी भाषकांनाही चुकलेला नाही. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेबल’ हे क्रियापद विषय चर्चेस मांडणे या अर्थी येते. अमेरिकन इंग्रजीत त्याचाच अर्थ विषय बाजूस सारणे असा होतो. १९४१ च्या अखेरीस वॉशिंग्टन येथे दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांची युद्धविषयक बैठक झाली. तातडीचा एक मसुदा ब्रिटिशांना ‘टेबल’ करावयाचा होता आणि अमेरिकनांनी त्यास विरोध केला. दोहोंना एकच गोष्ट हवी आहे हे ध्यानात येईपर्यंत बराच वेळ कडवट वाद चालला, असे चर्चिल (१८७४–१९६५) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९५०) नमूद केले आहे. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इम्जिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेडचा प्रमुख ब्रॉडी याने आपल्या अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ असल्याचे कळविले. ब्रिटिशांच्या संयत बोलण्यात याचा अर्थ ‘फार बिकट’ असा होता. अमेरिकन सेनापतीने तो ‘थोडी अडचण आहे, पण निभावते आहे’ असा घेतला, असे सांगितले जाते. माघारीची परवानगी वेळेवर मिळाली नाही. वेढ्यात सापडलेल्या ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या बटालियनमधील बहुसंख्य सैनिक मारले गेले किंवा युद्धबंदी झाले.

वाक्प्रचारांच्या कोशांपैकी ब्रूअर याचा १८७० चा कोश कथांच्या दृष्टीने रंजक, पण व्युत्पत्तीबाबत जपून वापरण्याजोगा आहे. अभ्यासूंसाठी कौई व मॅकिन यांनी संपादिलेला ऑक्सफर्डचा दोन खंडांचा कोश (१९७५ व १९८३) अधिक उपयुक्त. प्रयोगाची व्याकरणिक बंधने त्यात दिलेली आहेत. मराठीत दाते व कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्‌संप्रदाय कोश प्रसिद्ध असून, इंग्रजी वाक्प्रचारास मराठी पर्याय शोधताना त्याचाही आधार घ्यावा.

इंग्रजीच्या संपर्कातून अनेक वाक्प्रचार भाषांतरित होऊन मराठीत स्थिरावले आहेत. ‘पेल्यातील वादळ’, ‘हिमनगाचे टोक’, ‘हस्तिदंती मनोरा’, ‘मैलाचा दगड’, ‘पांढरा हत्ती’ हे वृत्तपत्रांतून नित्य आढळणारे प्रयोग त्यांपैकी होत. ‘नक्राश्रू’ हा शब्द संस्कृत वळणाचा असल्याने जुना वाटतो. तथापि मगर भक्ष्य खाताना रडते ही समजूत मध्ययुगीन यूरोपीय प्रवासवर्णनांतून पसरलेली आहे. यांतील ‘लाल फीत’ ही तर नुसती भाषांतरित प्रतिमा नव्हे. इंग्लंडमध्ये कायदेशीर कागदपत्रे तांबूस फितीने बांधीत. त्यावरून दिरंगाईच्या कारभारास ‘रेड टेप’ म्हणू लागले. तीच फीत इंग्रजी अमदानीत येथील कचेऱ्यांतही दप्तरांवर आली, आणि वाक्प्रचार मराठीत शिरला तेव्हा ती वस्तू लोकांच्या डोळ्यांसमोरच होती. बर्फासंबंधीच्या ‘ब्रेक द आइस’ (अनोळखी माणसांतील संकोच दूर करणे) या प्रयोगाचे शब्दशः भाषांतर मात्र मराठीत कधीच रुजले नाही.