शारजाच्या समुद्रातील गादा

आमच्या मातोश्रींचे बालपण रेवदंड्यास गेले. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या त्या गावातून त्या काळी मुंबईस जावयाचे म्हणजे पुष्कळदा समुद्रमार्गेच जावे लागे, आणि त्या प्रवासाची एकच गोष्ट त्या नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगत असत. बोटीच्या शेजारी पाणी फुटे आणि गादा वर येई. कोकणात डॉल्फिनला गादा म्हणतात, हे आपल्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. परंतु इस्राएलमध्ये जन्मलेल्या आमच्या दोन्ही मुलांची मोठी पंचाईत होई. हिब्रूत ‘गादा’ म्हणजे नदीचा काठ! काठ पाण्यातून वर कसा येईल, असे म्हणून ती खोखो हसत. प्रथम आईही हसल्या. पुढे त्यांनी ती गोष्ट सांगणेच सोडून दिले, आणि ते आमच्या ध्यानात यावयास तीन-चार वर्षे लागली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्हांस सहकुटुंब शारजास जाण्याचा योग आला. सप्टेंबर २०२० मध्ये इस्राएल व संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाला, त्यापूर्वी असा प्रवास आपल्या लोकांच्या स्वप्नातही नव्हता. ठाण्यास आमच्या मामांचे जे शेजारी होते, त्यांचे चिरंजीव वीस वर्षांपासून रोल्ला भागात राहतात. उतरलो त्यांच्याकडेच. रोल्ल्यात पाऊल ठेवताच मनुष्य परदेशात आहे हे विसरतो. कापडाची दुकाने, चहाच्या टपऱ्या, मल्याळी खाणावळी, आणि मधूनच कानावर पडणारी मराठी! ‘रोल्ला’ म्हणजे वडाचे झाड. येथे एक प्रचंड वटवृक्ष होता आणि त्याच्या सावलीत सणावारी माणसे जमत. तो १९७८ साली गेला. आता त्या जागी उद्यान व स्मारक आहे. वड हा मूळचा आपल्या हिंदुस्थानचा, तेव्हा तोही समुद्र ओलांडूनच आलेला. आमच्या यजमानांना याचा भारी अभिमान.

शारजात जानेवारी २०२२ पासून शुक्रवार, शनिवार व रविवार अशी तीन दिवस सुटी असते. त्यामुळे शब्बाथ पाळून रविवारी पहाटे समुद्रावर जाणे आम्हांस सोयीचे पडले. यजमानांनी एक तीस फुटी शिडाची होडी ठरविली होती. तिच्यावरचा तांडेल निघाला देवबागचा, म्हणजे मालवणजवळचा! अरबी समुद्राच्या या टोकास मालवणी तांडेल भेटावा याचे आम्हांस आश्चर्य वाटले, त्याला मात्र मुळीच वाटले नाही. “साहेब, हय अर्धो धक्को आमचोच,” एवढेच तो बोलला आणि शीड सोडण्याच्या कामास लागला.

या आखातातील समुद्रदर्शनाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल असा धरतात. उन्हाळ्यात हवा इतकी तापते व दमट होते की होडीवर दोन तास बसणेही जिवावर येते. हिवाळ्यातही ‘शमाल’ नावाचा वायव्येचा वारा सुटला की दोन-तीन दिवस लाटा उसळत राहतात, म्हणून तो पडण्याची वाट पाहावी लागते. आम्हीही शुक्रवार वाया घालविला. तथापि एक गोष्ट तांडेलाने प्रारंभीच स्पष्ट केली : हा हंगाम पाहणाऱ्यांचा आहे, गाद्याचा नव्हे. गादा येथे बाराही महिने असतो. खरा हंगाम कासवांचा. शारजाच्याच अधिपत्याखाली, किनाऱ्यापासून शंभर-एक किलोमीटर आत, सर बू नाईर नावाचे बेट आहे, तेथे वसंतऋतूत चोचवाली कासवे अंडी घालावयास येतात. १९९१ पासून प्रतिवर्षी याच बेटापासून दुबईपर्यंत साठ फुटी शिडांच्या गलबतांची मोठी शर्यत होते. तिचे नाव ‘अल गफाल’. मोती काढणारे पाणबुडे हंगाम संपवून घरी परतत, त्या परतण्यास ते नाव होते. तेथील मोती पुढे मुंबईच्या बाजारात येत असत.

अजमानचा किनारा उजव्या हातास ठेवून आम्ही ईशान्येस निघालो. आरंभीचा तासभर काहीच दिसले नाही. धाकट्याने कंटाळून भ्रमणध्वनी काढला. त्याला रमविण्यासाठी आम्ही डुगाँगची गोष्ट सुरू केली. डुगाँग म्हणजे समुद्रतळाचे गवत चरणारा, गाईसारखा शांत सस्तन प्राणी. अबू धाबीच्या पाण्यात त्याची संख्या सुमारे तीन हजार आहे आणि ऑस्ट्रेलियाखालोखाल ती सर्वांत मोठी मानली जाते. आपल्या वाचकांना त्यात गोडी वाटावी असे एक कारण आहे. अरण्यातील निवासमंडपावर ‘तखश’ नामक प्राण्याच्या कातड्याचे आच्छादन होते असे निर्गमच्या पुस्तकात सांगितले आहे. तो तखश कोणता यावर विद्वानांचा पुरातन वाद आहे. डॉल्फिन किंवा डुगाँग यांना अरबीत असलेल्या तशाच एका नावावरून काहींनी तखश म्हणजे डुगाँग असे मानले. आणि एडुआर्ट र्‍यूपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तांबड्या समुद्रातील डुगाँगला शास्त्रीय नावच मुळी निवासमंडपावरून दिले. आमचे मत विचाराल तर वाद मिटलेला नाही. पण धाकट्याने भ्रमणध्वनी खिशात ठेवला, एवढे खरे.

इतक्यात पाणकावळ्यांची एक लांबच लांब काळी रांग पाण्याला चिकटून गेली. हे सोकोत्रा पाणकावळे. उम्म अल कुवैनजवळच्या सिनिया बेटावर त्यांची मोठी वसाहत आहे. शेकडो पक्षी एका जागी उतरून बुड्या मारू लागले, म्हणजे खाली मासळीचा थवा होता. तांडेलाने शीड थोडे सैल केले. होडीची गती मंदावली.

“गादे इले!” तो पुटपुटला.

डाव्या बाजूस पाऊणशे हातांवर करड्या रंगाची एक पाठ वर आली. आम्ही चित्रांत पाहिलेला डॉल्फिन हा नव्हे. याच्या पाठीवर लांबट मांसल उंचवटा असतो आणि त्याच्या माथ्यावर छोटासा पर. त्यास हिंदी महासागरातील कुबडा डॉल्फिन म्हणतात. १८२९ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए याने मलबार किनाऱ्यावरील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. दक्षिण आफ्रिकेपासून आखात, कोकण, मलबार असा बंगालच्या उपसागरापर्यंत हा पसरलेला आहे. म्हणजे रेवदंड्याचा गादा तो हाच! एकामागून एक पाच पाठी वर आल्या. शेवटच्या जोडीत एक मोठी आणि तिला अगदी बिलगून एक लहान.

थोरली मुलगी ओरडली, “जवळ न्या ना!” आमच्याही तोंडी तेच शब्द आले होते. २०११ साली दापोली तालुक्यातील एका किनाऱ्यावर आम्ही नेमके असेच ओरडलो होतो, नव्हे, नावाड्याच्या हातावर वर शंभर रुपयेही ठेवले होते. सात-आठ यंत्रहोड्या एकाच वेळी घरघरत त्या जनावरांच्या मागे धावल्या, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि दोन मिनिटांत समुद्र रिकामा झाला. नावाड्यास आम्ही तेव्हा बोल लावला. वास्तविक दोष पैसे देणाऱ्याचा होता.

देवबागकर तांडेलाने मान हलवून नकार दिला. यंत्र सुरू करणार नाही, वाट अडविणार नाही, पिल्लू आणि आई यांच्या मध्ये तर शिरणार नाहीच. शिडाची होडी पाण्यात आवाज करीत नाही. गाद्यास वाटले तर तो स्वतः येईल, असे त्याचे म्हणणे. आम्ही निमूट बसलो. वीस मिनिटांनी ती पाचही जनावरे होडीच्या नाळेपुढून सावकाश, जणू आमची दखल न घेता, ओलांडून गेली. त्यांच्या श्वासाचा ‘फुस्स’ असा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकू आला. दोन्ही मुले एक शब्दही बोलली नाहीत, आणि आमच्या घरात ही गोष्ट विरळा आहे.

हा प्राणी किनारा सोडून दूर जात नाही. साधारणतः पंचवीस मीटरहून कमी खोलीच्या पाण्यातच तो राहतो. आखाताची सरासरी खोलीच सुमारे पस्तीस मीटर, त्यामुळे त्यास हे घर मानवले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अबू धाबीतील पाहणीत तेथे या जातीचे सुमारे ७०० प्राणी असल्याचा अंदाज निघाला. एका ठिकाणची याहून मोठी वसती जगात कोठे नोंदलेली नव्हती. परंतु किनाऱ्याशी राहणे हेच त्याच्या नाशाचेही कारण झाले आहे. बंदरे, भराव, सांडपाणी आणि जाळी ही सारी त्याच पट्ट्यात. मादी सुमारे तीन वर्षांनी एकदा, एकच पिल्लू देते, तेव्हा झालेली हानी भरून येत नाही. जागतिक सूचीत या जातीची गणना संकटग्रस्तांत होते. अमिरातीत १९९९ च्या व भारतात १९७२ च्या कायद्याने सागरी जीवांना संरक्षण आहे. पण जाळ्याला कायदा वाचता येत नाही.

परतीच्या वाटेवर तांडेल कोकणच्या वार्ता सांगत होता. २०१५ साली कुणकेश्वरासमोर अभ्यासकांना निळा देवमासा पिल्लासह दिसला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात रेवदंड्याच्या वाळूवर सुमारे ४२ फुटी देवमासा येऊन पडला. गावकऱ्यांनी व वनखात्याच्या माणसांनी त्यास समुद्रात लोटण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तो वाचला नाही. वेळासला मात्र चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ साली कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले, आणि पूर्वी अंडी खणून नेणारेच आता ती राखतात. रेवदंड्याचे नाव कानी पडताच आमच्या मनात आले, की हे आईंस सांगावे की नाही. आम्ही सांगितले नाही.

रात्री रोल्ल्यातील यजमानांच्या घरून आईंस दूरध्वनी लावला आणि मुलीने टिपलेले चलच्चित्र त्यांना दाखविले. धाकटा पुढे घुसून ओरडला, “आजी, गादा! खराखुरा गादा!”

पलीकडे काही वेळ शांतता होती. मग आईंनी विचारले, “त्याच्या पाठीवर वशिंड होतं का रे?”

त्याने आमच्याकडे पाहिले. ‘वशिंड’ हा शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. आम्ही बैलाच्या मानेमागचा उंचवटा हाताने दाखविला. तसाच हात त्याने आजीला दाखविला, आणि आजीने रेवदंड्याच्या बोटीची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.