संकेतांकाची राखण

कर्जत आणि खालापूर हे भाताचे तालुके. येथील शेतकरी बियाण्याचा भात वाळवून कणगीत भरतो, कणगी शेणाने लिंपतो आणि तिचे तोंड बंद करतो. तीत हात घालण्याचा अधिकार घरच्याच माणसाला असतो. बँकेतील पैशांची कणगी मात्र आता मोबाइलवर येणाऱ्या काही आकड्यांनी उघडते, आणि ते आकडे विचारील त्याला सांगितले जातात.

या आकड्यांस ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा संकेतांक, म्हणतात. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई आणि मजकूर मागाहून लिही. परक्यास संकेतांक सांगणे हे तसेच होय. संमती आपली, मजकूर दुसऱ्याचा.

तथापि ‘कोणासही सांगू नये’ एवढ्या उपदेशाने काम भागत नाही. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनी खात्यात जमा होतात. त्यासाठी ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे ओळख पटविणे, आवश्यक असते. वडील कर्जतच्या सेवा केंद्रात बसलेले आणि आधारला जोडलेला मोबाइल खोपोलीस कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात, असा प्रसंग येतो. तेव्हा संकेतांक सांगावाच लागतो. तो कसा सांगावा, हे शिकून घेतले पाहिजे.

केंद्रात जाण्यापूर्वी वडिलांनी मुलास काम व वेळ कळवावी. आधारचा संकेतांक सहा आकडी असून दहा मिनिटेच चालतो. डोंगराकडील वाडीत रेंज कमी असल्यास वेळ ठरविणे अधिकच अगत्याचे. संदेश येताच मुलाने तो पूर्ण वाचावा, काम ठरलेलेच आहे अशी खात्री करावी आणि वडिलांच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावून आकडे तोंडी सांगावेत. अनोळखी फोनवर अथवा व्हॉट्सॲपच्या गटात ते देऊ नयेत.

मोबाइल जवळ नसल्यास केंद्रावर अंगठा देऊनही ई-केवायसी होते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय सन २०२३ पासून आहे.

बँकेचा संकेतांक व यूपीआयचा पिन यांना मात्र अपवाद नाही. ते कोणासही सांगू नयेत. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला तर पैसे जाणार आहेत, असे समजावे. ‘हप्त्याची यादी’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेले ॲप उतरवू नये. असे ॲप मोबाइलवरील संदेश वाचून संकेतांक न विचारताच पळविते.

ऑनलाइन अर्ज भरताना पासवर्ड लागल्यास तो शक्यतो स्वतः घालावा. दुसऱ्यास सांगावाच लागला तर तोंडी सांगावा, सातबाऱ्याच्या पाठीवर लिहू नये आणि काम होताच बदलावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही शेतकऱ्यांचे पासवर्ड आपल्या वहीत साठवू नयेत. मदत करावी, पण किल्ली मालकाकडेच राहू द्यावी.

एवढे करूनही फसवणूक झाल्यास लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने सन २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः गुप्त आकडे सांगितल्याने झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत त्याचेच असते. कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणून एकेका मिनिटाला मोल आहे.

अंगठा देण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, ही शिकवण जुनीच आहे. संकेतांक सांगण्यापूर्वी संदेश वाचावा, एवढीच तीत भर घालावयाची आहे.