सुटकेनंतरचे पंधरा दिवस

तुरुंगात नशा मिळत नाही, म्हणजे आपोआप व्यसन सुटतं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात आत फक्त शरीराची सवय मोडते, तलफ कायम राहते. सुटल्यावर माणूस हेरॉइनचा जुनाच डोस घेतो. तो आता झेपत नाही आणि श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका इतर नागरिकांच्या तब्बल १२९ पट होता.

हे मरण टाळता येतं, हे अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने दाखवलं. राज्य सरकारचे सगळे तुरुंग क्रॅन्स्टनमध्ये, एकाच खात्याच्या हाताखाली आहेत. २०१६ मध्ये तिथे मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही व्यसनावरची तिन्ही औषधं देणं सुरू झालं. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे व्यसनाबद्दल चौकशी होते. ज्याचे उपचार आधीपासून चालू आहेत त्याचं औषध तोडत नाहीत. एरवी बहुतेक तुरुंगांत ते पहिल्याच दिवशी बंद होतं आणि कैदी उलट्या, जुलाब, अंगदुखीने कोठडीत तळमळत पडतो. नशा तुटल्यावरचा हा त्रास, म्हणजे ‘टर्की’, हा शिक्षेचाच भाग, असं मानणारे अधिकारी सगळीकडे भेटतात. मला तो निव्वळ छळ वाटतो.

औषध वाटणं हे नाजूक काम. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवून विरघळू द्यावं लागतं, गिळून उपयोग नाही. तोवर कैद्याला समोर बसवून ठेवायचं, मग तोंड उघडायला लावून जीभ, गाल, हिरड्या तपासायच्या. नाहीतर तीच मात्रा बराकीत विकली जाते.

आत उपचार करणारी कोडॅक ही संस्था बाहेरही केंद्रं चालवते, म्हणून सुटल्यावर उपचार तुटत नाहीत. हे उपचार सुरू होण्याआधी, २०१६ च्या पहिल्या सहामाहीत, राज्यात अतिमात्रेने गेलेल्यांपैकी २६ जण वर्षभरात तुरुंगात राहून आलेले होते. पुढच्या वर्षी त्याच काळात असे ९.

‘एक नशा काढून दुसरी दिली’ हा या औषधांवर घेतला जाणारा आक्षेप या आकड्यांपुढे टिकत नाही.

आपल्याकडे तिहारमध्ये ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले, ही मोठी गोष्ट. पण भारतातल्या चार कैद्यांपैकी जवळजवळ तिघे कच्चे कैदी. त्यांचा जामीन कधी होईल सांगता येत नाही. संध्याकाळी आदेश आला की माणूस बाहेर. म्हणून सुटकेची तयारी आत आल्या दिवशीच व्हायला हवी: औषध सुरू, आणि बाहेरच्या केंद्राचा पत्ता हातात.